पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी शिरोळकडं पाणी चढतंच का राहतं?

पेठेतला_जावई

नमस्कार मंडळी. बायकोचं माहेर शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडजवळ, त्यामुळे जुलै संपत आला की आमच्या पुण्याच्या घरात रोज सकाळी एकच विषय, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती, सांगलीच्या आयर्विन पुलावर किती, नरसोबाच्या वाडीला पाणी कुठंपर्यंत आलं. यंदा मी स्वतःच तिकडं अडकलो होतो आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नाहीये.

कोल्हापूरच्या बातम्यांत सांगतायत पंचगंगा उतरायला लागली, गगनबावड्याचा पाऊस ओसरला, राधानगरी धरणाचे दरवाजे एकेक करून बंद होतायत. इकडं कुरुंदवाडात लख्ख ऊन, लोकांनी गच्चीवर कपडे वाळत घातलेत, आणि नदीचं पाणी मात्र हळूहळू चढतंय. दोन दिवस चढतच होतं. हे कसं काय? सासरे म्हणतात अलमट्टी, ते कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. मेहुणा म्हणतो रस्त्यांचे भराव. शेजारचे काका म्हणतात कोयना धरणातनं सोडलंय. तिघांचं रात्री अकरापर्यंत चालू, आणि मी मधे चहा पीत बसलेलो.

मोबाइलवर नकाशा उघडून बघितला तर अजून गोंधळ, कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या त्याच एका कोपऱ्यात येऊन घुसतायत. कुणीतरी पहिल्यापासून सांगा ना, कुठली नदी कुठनं येते, कुठं मिळते आणि पाणी नेमकं कुणामुळं तुंबतं. आणखी एक, उदगाव-जयसिंगपूर बाजूला प्लॉट बघायचं चाललंय, त्यामुळं प्रश्न अगदीच टाइमपास नाहीये.

मळीवाला

पाव्हणं, तुमच्या सासऱ्याचंबी बरोबर हाय आन मेव्हण्याचंबी. आमच्याकडं पूर दोनदा येतोय. एक येतो वरनं, त्यो लाल गढूळ, पळत येतो, लाकडं काटक्या घेऊन. दुसरा येतो त्यो खालनं, गप. वड्याच्या तोंडातनं उलटा आत शिरतो, ना आवाज ना काय, सकाळी उठून बघावं तर निम्मा ऊस पाण्यात. पहिला दोन दिसांत जातो, दुसरा मुक्काम करतो आन त्योच वाईट. उसाच्या पोंग्यात गाळपाणी बसलं आन आठ दिस ऱ्हायलं की फड गेला म्हणायचं, वरनं हिरवा दिसतोय तोपर्यंत आतनं कुजलेला असतोय.

पाऊस कुठं पडतोय ते आमी बघतच न्हाई. वाडीला कृष्णा किती हाय ते बघतो. पंचगंगा उतरली म्हणून जनावरं परत आणली आन दुसऱ्या रात्री पुन्हा सोडायला लागली असं झालेलं हाय आमच्या गल्लीत.

बरगेवाला

मळीवाल्यांनी दोन वाक्यांत सांगितलं तेच मी जरा पसरून सांगतो. मी पाटबंधारेत नोकरी केली, बरीचशी याच खोऱ्यात, त्यामुळं लांबण लागणार, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी डोक्यातनं जिल्ह्याचा नकाशा काढा आणि डोंगर ठेवा. सह्याद्रीची कड उत्तर-दक्षिण आहे. महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंतच्या या कडेवर जो पाऊस पडतो त्यातला कडेच्या पलीकडचा कोकणात उतरतो आणि अलीकडचा सगळा पूर्वेला येतो. अरबी समुद्र तिथनं हाकेच्या अंतरावर, पण हे पाणी उलट्या दिशेनं निघतं आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र करून बंगालच्या उपसागराला मिळतं. आता गंमत अशी की या कडेवरून निघणाऱ्या नद्या वेगवेगळ्या खोऱ्यांतनं येतात पण बहुतेक सगळ्या आग्नेयेकडं झुकत झुकत एकाच पट्ट्यात गोळा होतात, आणि तो पट्टा म्हणजे सांगली ते शिरोळ.

कृष्णा जुन्या महाबळेश्वरातनं निघते, धोम धरण, वाई, मग माहुलीला वेण्णा मिळते, पुढं उरमोडी, उंब्रजला तारळी. कोयना पण महाबळेश्वरचीच, पण ती कृष्णेच्या बरोबरीनं डोंगराच्या मधनं सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या समोर येऊन भिडते. तो प्रीतिसंगम. दोन नद्या समोरासमोर येऊन काटकोनात वळलेल्या बघायच्या असतील तर कऱ्हाडला जाच एकदा. त्याच्याखाली ब्रह्मनाळला येरळा मिळते, ती दुष्काळी भागातली, एरवी कोरडीच. मग सांगली, आणि सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा येते चांदोलीकडनं.

हरिपूरपासून सरळ रेषेत जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर खाली आलात की नरसोबाची वाडी, तिथं पंचगंगा. आणि पंचगंगा ही मुळात एक नदीच नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा पाच मिळून प्रयाग चिखलीला तिचं नाव पंचगंगा होतं. कासारी विशाळगडाकडची, कुंभी गगनबावड्याची, भोगावती दाजीपूर-राधानगरीची. म्हणजे महाराष्ट्रात ज्या पट्ट्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो त्यातला मोठा तुकडा एकट्या पंचगंगेच्या पोटात. वाडीच्या खाली राजापूर बंधारा, कृष्णेवरचा आपल्या हद्दीतला शेवटचा. मग हद्द ओलांडली की दूधगंगा, तीही येताना वेदगंगेला घेऊन.

म्हणजे बघा, सातारा, सांगली आणि कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचं पाणी एवढ्याशा अंतरात एकत्र येतंय आणि जिथं एकत्र येतंय तिथं जमीन सपाट. घाटातनं नदी उड्या मारत येते, कोल्हापूरच्या पुढं तिचा उतार संपतो, शिरोळमध्ये तर ती नुसती वळणं घेत बसते. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळाकडं जाताना नकाशा उघडून ठेवा, तीन बाजूला कृष्णाच दिसेल.

आता तुमचा प्रश्न. गगनबावड्यातला पाऊस राजाराम बंधाऱ्यावर पोचायला साधारण एक दिवस, तिथनं शिरोळमध्ये यायला आणखी एक. कोयनेचं सोडलेलं पाणी सांगलीला यायला एक-दीड दिवस. त्यामुळं पाऊस थांबल्यावर दोन दिवस पाणी चढणं यात काही नवल नाही, तुम्ही ऊन बघताय ते आजचं आणि पाणी बघताय ते परवाचं. पण त्याच्यावर तो दुसरा प्रकार, मळीवाल्यांचा गपचूप पूर. वाडीला कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला तोंडच मिळत नाही. तिचं पाणी मागं सरकतं, ओढ्यांत, शेतांत, इचलकरंजीच्या बाजूपर्यंत तुंब जाते. तिकडं कोल्हापुरात पातळी उतरते कारण वरनं येणारं कमी झालं, इकडं चढते कारण बाहेर जाणारं अडलं. दोन्ही एकाच वेळी खरं.

रंकाळा_कट्टा

बरगेवाले, एक नंबर. फक्त कोल्हापूरची एक गोष्ट राहिली, रेडेडोह!

जावईबापू, कोल्हापुरात पुराची बातमी म्हणजे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे झालंच, पण जुन्या माणसांना विचाराल तर ती विचारणार "रेडेडोह फुटला का?" चिखली-आंबेवाडीच्या बाजूला नदी पात्र सोडून शेतात शिरते ती जागा. रेडेडोह फुटला की पन्हाळा-रत्नागिरी रस्ता बंद, पण त्याच वेळी शहराकडची पातळी वाढायचा वेग कमी होतो कारण पाणी सगळ्या शिवारात पसरतं. आता हे पसरलेलं पाणी कुठं जाणार? कुठंच नाही, ते तिथं बसून राहतं आणि मग पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवस हळूहळू नदीत परत येतं. म्हणजे तुमच्या कुरुंदवाडला ऊन पडल्यावर जे येतंय त्यात आमच्या शिवारातनं उशिरा निघालेलं पाणी पण आहे.

चिखली-आंबेवाडीवाल्यांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी गाव जुन्या जागेवर आहेच. काळी कसदार जमीन सोडून कोण जाणार. दर पुराला बाहेर पडायचं, परत यायचं.

बाकी पूर बघायला जाणं हा आमचा राष्ट्रीय सण आहे हे मान्य. गाडी काढून बायकापोरांना घेऊन शिवाजी पुलावर. पोलीस हाकलतात तरी जातोच.

हळदपेठ_सांगली

सगळं ठीक आहे पण अलमट्टीचा विषय इतक्या सफाईनं कसा काय बाजूला ठेवला बरगेवाल्यांनी? २०१९ ला आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या पुढं पाणी गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बारा फूट वर. २००५ चा रेकॉर्ड मोडला. आठवडाभर शहर पाण्यात, ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, ते आम्ही विसरू शकत नाही. आणि तिकडनं अलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) वर नेल्यावरच इकडं पाणी हललं, हे सगळ्या सांगलीनं डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या आधी का नाही वाढवला? आणि आता तर उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायची म्हणतात. मग आम्ही काय होड्या घेऊन ठेवायच्या?

हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटातली कोठारं, पिढ्यानपिढ्या हळद ठेवायचे, उंदीर नाही कीड नाही. २००५ च्या पाण्यात पेवं बुडाली आणि तो धंदाच मोडला म्हणायचा. जुनी माणसं काय येडी होती का पाणी येणाऱ्या जागेवर पेव खोदायला? म्हणजे पूर्वी एवढं पाणी तिथं येत नव्हतं. मग मधे काय बदललं ते सांगा की.

बरगेवाला

हळदपेठ, तुमचा राग समजतो आणि तो विषय मी मुद्दामच ठेवला होता, कारण त्याच्यावर एक वाक्य लिहिलं की धागा शंभरी गाठतो.

आकडे बघा. आयर्विनवरची ४५ फुटांची खूण समुद्रसपाटीपासून ५४० मीटरच्या आसपास येते. अलमट्टी काठोकाठ भरलं तर त्याची पातळी ५१९.६०. वीस मीटरचा फरक आणि नदीच्या वाटेनं अंतर दोनशे किलोमीटरच्या पुढं. त्यामुळं धरण भरलं म्हणून त्याचं पाणी थेट सांगलीच्या गणपतीपर्यंत येऊन उभं राहतं असं होत नाही. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनंही अलमट्टी आणि त्याच्या वरच्या हिप्परगी बंधाऱ्याला पुराचं कारण मानलं नाही, अतिवृष्टी, नदीची वळणं, पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं.

पण थांबा, लगेच मला कर्नाटकचा वकील करू नका. वाहत्या नदीचा फुगवटा हा टाकीतल्या पाण्यासारखा सपाट नसतो. पुरात पाणी वाहायला त्याला उतार लागतो, खालचं टोक जितकं वर तितकं मागचं टोकही वर उचललं जातं, आणि हा परिणाम धरणाच्या जवळ जास्त, लांब कमी कमी होत जातो. त्यात मधे हिप्परगीचा बंधारा, त्यात साठत जाणारा गाळ. त्यामुळं राजापूर-खिद्रापूरचा माणूस जेव्हा म्हणतो खालनं दाब येतोय, तेव्हा मी त्याला खोटं म्हणणार नाही. सांगलीबद्दल तोच दावा करताना मात्र हात आखडतो. आणि २०१९ ला विसर्ग वाढल्यावर पाणी हललं म्हणता, तर त्याच दिवसांत वरचा पाऊसही कमी झाला होता. दोन गोष्टी एकदम घडल्या की श्रेय कुणाला द्यायचं हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही.

कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरला मान्यता दिली. आज ५१९ ला भांडण मिटत नसेल तर पाच मीटर आणखी चढवण्याला इकडच्या लोकांनी विरोध करणं यात मला तरी काही चूक दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच की अलमट्टीच्या नावानं बोंब मारता मारता आपण आपल्या हद्दीत काय केलं ते विसरतो. नदीच्या पूरमैदानात रस्ता न्यायचा म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा फुटांचे मातीचे भराव, मधे चार मोऱ्या, की झाला पूल. पूर्वी जे पाणी अर्धा-एक किलोमीटर रुंदीनं शेतातनं निघून जायचं ते आता पुलाच्या कमानीतनंच जायला बघतं. वरच्या बाजूला पातळी चढणारच. जावईबापू, तुमच्या मेहुण्याला माझा नमस्कार सांगा. पेवांबद्दल हळदपेठ विचारतायत मधे काय बदललं, तर माझ्या मते हे बरंच बदललं, ओढे बुजवले, नदीकाठचे सखल भाग भर टाकून विकले.

पेठेतला_जावई

खूपच छान चर्चा, मनापासून आभार. आता एक भाबडा प्रश्न. एवढी धरणं आहेत, कोयना, चांदोली, राधानगरी, काळम्मावाडी, ती पावसाळ्यात थोडी रिकामी ठेवली तर? पूर पोटात घेता येणार नाही का?

रंकाळा_कट्टा

राधानगरीचं तर विचारूच नका, तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप बंद. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, आणि आजही कोल्हापूरकर "किती दरवाजे उघडले" यावरनं ठरवतात की गाडी वरच्या गल्लीत लावायची की नाही.

बरगेवाला

भाबडा नाहीये प्रश्न, यावर बैठका होतात दरवर्षी.

साधा हिशोब. एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं तर ते ८.६४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होतं. राधानगरीची सगळी साठवण ८.३६ टीएमसी. म्हणजे तसल्या पुराच्या एका दिवसात अख्खं धरण भरून वर वाहील. कोयना १०५.२५, तिथं खरंच जागा करता येते आणि कोयनेचं नियोजन नीट झालं की सांगलीला फरक पडतो, हे मी मानतो. चांदोली, म्हणजे वारणा धरण, ३४.४०, काळम्मावाडी २५.४०. तुळशी, कासारी, कुंभी ही तीन-तीन टीएमसीची लेकरं, त्यांच्याकडनं काय अपेक्षा करणार.

पण खरा घोळ वेगळा आहे. धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो कुठल्याच धरणात जात नाही, सरळ नदीत येतो. त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. २०२१ बघा, २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तसाच सगळ्या कडेवर. जुलैच होता, धरणं काही काठोकाठ नव्हती. तरी कोल्हापूरला पंचगंगा २०१९ पेक्षाही वर गेली, ५६ फुटांच्या पुढं. कुणी काही सोडलं म्हणून नाही, जे पडलं ते तसंच आलं.

आणि धरण रिकामं ठेवणं बोलायला सोपं. सप्टेंबरात पाऊसच पडला नाही तर मग उन्हाळ्यात ओरडणार कोण? तेच लोक.

गोवळकोट

चिपळूणवरनं डोकावतो. २२ जुलै २०२१ आमच्याकडं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे, बाजारपेठ बुडाली. तुमची कोयना पूर्वेला जाते असं वर लिहिलंय ते अर्धंच खरं हां. धरणात अडवलेल्या पाण्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतनं पोफळी-अलोऱ्याकडं येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं. म्हणजे मूळचं बंगालच्या उपसागराचं गिऱ्हाईक आम्ही अरबी समुद्राला पाठवतो. आमची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती याच पाण्यावर, नाहीतर कोकणातली नदी फेब्रुवारीत खडक दाखवते.

आमच्याकडं तुमच्यासारखं दोन दिवस वाट बघणं वगैरे नाही. डोंगर ते खाडी अंतरच केवढं. त्यात भरती असली की संपलंच, पहाटे पाऊस आणि सकाळी पाणी दुकानात.

चंदगडी_काजू

आमाला विसरलात सगळे, नेहमीसारखंच. कोल्हापूर जिल्हा म्हणजे पंचगंगा एवढंच का? दक्षिणेकडं हिरण्यकेशी आहे, आंबोलीला उगम, आजरा-गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. घटप्रभा आणि ताम्रपर्णी आमच्या चंदगडच्या. ह्यांचं पाणी शिरोळला येतच नाही, ते परस्पर बेळगावकडनं जाऊन खूप खाली कृष्णेला भेटतं. आणि तिलारी तर आमच्याच तालुक्यातनं निघून पश्चिमेला उडी मारते, गोव्यात गेली की शापोरा होते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस, निम्मा बंगालच्या उपसागरात, निम्मा गोव्यातल्या पर्यटकांच्या पायाशी. आजऱ्याला याल तेव्हा रामतीर्थ बघा, गर्दी नसताना.

माणदेशी_मेंढका

तुम्ही पुराचं लिहिताय आणि आम्ही आटपाडीत बसून वाचतोय. सांगली एकच जिल्हा बरं का. पलूसला होड्या आणि आमच्याकडं त्याच आठवड्यात टँकर, हे बघितलेलं आहे. ढग गगनबावड्यात सगळं सांडून येतात, शिरोळपर्यंत येईस्तोवर पाऊस दहाव्या हिश्श्यावर आलेला असतो, आम्हाला उरतं ते वारं. शिवाय आमची माण नदी कृष्णेला नाही, भीमेला जाते, म्हणजे नकाशावर पण आम्ही वेगळे.

आता टेंभूचं पाणी आलंय, म्हैसाळचं जतला गेलंय, ताकारी आहे, कृष्णेतनं उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. फरक पडलाय, डाळिंबं-द्राक्षं दिसायला लागली. पुराचं पाणी असंच उचलून इकडं आणायचं असं दरवेळी बोललं जातं. आणा की, आम्ही कुठं नको म्हणतोय.

बरगेवाला

आणायला पाहिजेच, पण पूर कमी होईल ही आशा नको. पुरात नदी लाखानं वाहते, त्याच्यापुढं पंप उचलतात ते फारच थोडं. तुमचे तलाव भरतील हेच फार मोठं काम आहे, तेवढ्यासाठी करावं.

कृष्णाकाठची

सगळे पुरुष फूट आणि टीएमसी मोजतायत म्हणून मी जरा लिहिते. माझं गाव वाडीच्या पलीकडं. आमच्याकडं पहिलं पाणी आलं की लोकांना आनंद होतो हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. नदी देवळात शिरते, उत्तरेकडनं आत येऊन दत्ताच्या पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार म्हणतात, तेव्हा त्या पाण्यात स्नान करायला कुठून कुठून माणसं येतात, रात्री दोन वाजता दक्षिणद्वार झालं तरी रांग. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नेतात. इथपर्यंत सगळं सवयीचं. पूर्वी पूर गेला की मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात नवा गाळ पडायचा आणि वांगी काय यायची म्हणून सांगू.

आता पाणी यायचं भय नाही तेवढं पाणी न जायचं आहे. दहा-दहा दिवस उभं. आणि उतरल्यावर गाळ नाही, घाण येते, वरच्या कारखान्यांचं आणि शहरांचं जे काही पंचगंगेत सोडलेलं असतं ते घेऊन. त्याच्यावर आधीच शिरोळची जमीन बारमाही ऊस आणि बेसुमार पाणी देऊन क्षारपड व्हायला लागलेली, पांढरी फटक रानं बघितली असतील जावईबापूंनी. निचरा नाही म्हणून क्षार, निचरा नाही म्हणून पूर, सगळं एकाच ठिकाणी येऊन थांबतं. त्याच्यावर कुणी बोलत नाही, कारण त्यात शिव्या घालायला दुसरं राज्य सापडत नाही.

आणि भिलवडी-औदुंबरकडच्यांना विचारा, पाणी उतरताना मगरी ओढ्यात राहतात, बायकांनी धुणं धुवायला जायचं कुठं?

मळीवाला

ताई, वांग्याचं अगदी खरं बोललासा. आन निचऱ्याचंबी. आमी चर काढले दोन वर्सामागं रानात, शेजाऱ्यानं पाणी काढून द्यायला वाट दिली न्हाई, तिथंच तुंबलं. राज्याराज्यातलं भांडाण लांब ऱ्हायलं, बांधावरचंच मिटंना.

पेठेतला_जावई

सगळं दोनदा वाचलं. आता कळलं की रोज नुसता राजाराम बंधारा बघून उपयोग नाही. शेवटचं, त्या प्लॉटचं काय? विकणारा म्हणतो २०१९ ला पण पाणी आलं नव्हतं. खरं कसं मानायचं?

बरगेवाला

विकणाऱ्याचं मानायचंच नाही. नदीकाठच्या गावांच्या पूररेषेचे नकाशे असतात, पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात किंवा नगरपालिकेत मागायचे. त्यात दोन रेषा असतील. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम विसराच. लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी मिळू शकते, पण तुम्ही मिळते म्हणून घेऊ नका. या खोऱ्यात २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत येऊन गेलेत, त्यामुळं जुन्या आकड्यांवर आखलेल्या रेषेवर मी फार विसंबणार नाही.

दुसरं, जागेवर जाऊन आजूबाजूच्या जुन्या घरांच्या भिंती बघा, २०१९ च्या पाण्याच्या खुणा अजून बऱ्याच ठिकाणी आहेत, काहींनी तर रंगानं रेघ मारून तारीख लिहून ठेवलीय. प्लॉटवर भर टाकलेली आहे का बघा, आणि टाकली असेल तर शेजारचा ओढा कुठं गेला ते विचारा. उदगावच्या नदीकडच्या बाजूला आणि जयसिंगपूरच्या चढावर जमीन-अस्मानाचा फरक आहे, नकाशात दोन्ही जवळजवळच दिसतात.

रोजच्या पातळीसाठी आधी कोयनेचा विसर्ग, मग आयर्विन, मग राजाराम, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात महत्त्वाचं वाडी आणि राजापूर बंधारा. खालची दोन चढत असतील तर वरची उतरली तरी जनावरं परत आणू नका म्हणावं सासऱ्यांना. गट नंबर इथं उघड टाकू नका, मला निरोपात पाठवा, नकाशावर बघून सांगतो.